दोन तलवारी

ट्रॅफिक पार्कच्या मागच्या गल्लीत,
ब्युटी पार्लरच्या वरच्या खोलीत
केकतपुरे बाईंनी पत्ता उलटला.
"ही तुम्हीच," म्हणाल्या.

दगडी बाकावर एक बाई.
डोळ्यांवर पट्टी.
छातीवर हातांची फुली, दोन्ही मुठींत तलवारी,
पाती आभाळाकडे.
मागे समुद्र, वर चंद्राची कोर.

मला आधी हसूच आलं.
मे महिन्यात आमच्याकडे
हरेक पोरगी तोंड बांधूनच स्कूटी काढते,
कपाळ, कान, नाक सगळं स्कार्फच्या आत,
उघडे फक्त डोळे.
हिने नेमकं उलटं बांधलं होतं.
"हिला कुठलं ऊन लागून रायलं?" मी विचारलं.
बाई हसल्या नाहीत.
कूलरचं पाणी टपटपत होतं.

पट्टी दुसऱ्या कुणी बांधली नाही, म्हणाल्या,
हिची हिनेच.
आणि तलवारी मारायला नाहीत,
नुसत्या धरायला आहेत.
एक खाली ठेवली तर दुसरीचा तोल जाईल
म्हणून दोन्ही धरून बसली आहे.
लोक लांबून बघतात, म्हणतात,
किती शांत बाई.

मला तोल शिकवू नका, असं ओठांवर आलं होतं.
बारा वर्षं झाली, कळमन्याला धरमकाट्यावर बसते मी.
पण तांदळाच्या डब्याखालचे दोन कागद
ह्या बाईला कुणी सांगितले?

एक दिगूने आणलेलं हक्कसोड पत्र,
नंदनवनचा प्लॉट, बाबांच्या नावाचा.
"सही कर ना ताई, काऊन अडून रायली?"
दुसरी माझ्याच वकिलाची नोटीस, दिगूच्या नावे.
दोन्हींत माझं नाव टाईप केलेलं,
सहीची जागा कोरी.
तीन वर्षं.
दर भाऊबीजेला मी ओवाळते,
तो ताटात पाचशेची नोट टाकतो,
आणि दोघंही पुरीभाजीचं कौतुक करतो.

"समुद्राकडे पाठ आहे," बाईंनी बोट ठेवलं.
आम्ही झिरो माइलवाले, बाई.
आमची सगळ्याच समुद्रांकडे पाठ.
त्यांनी फी सांगितली, पाचशे.
मी पर्समधली नोट काढली,
थोडा वेळ हातातच राहिली.

रात्रपाळीला इस्राइलभाईची गाडी आली, लाल मिरची.
एकवीस हजार तीनशे चाळीस.
तासाभराने खाली करून परत काट्यावर.
आठ हजार नऊशे साठ.
चिठ्ठी घेताना म्हणाला, जे तो नेहमीच म्हणतो,
"भरी गाडी का वजन तो कुछ नहीं बताता, दीदी."

दिगूला मी कायम भरलेलाच तोलला.
माझ्या कॉलेजच्या फीतून आलेली त्याची सायकल,
बाबांच्या शेवटच्या रात्री बंद असलेला त्याचा फोन,
वहिनीचं ते एक वाक्य,
सगळं लादलेलं तसंच, ताडपत्रीसकट.
रिकामा दिगू किती भरतो?
पाच वर्षांचा होता तेव्हा
माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून झोपायचा.
सकाळी सोडवताना एकेक बोट उघडावं लागे.

याने प्लॉट कुणाचा ते ठरत नाही.
माझा हिस्सा माझाच आहे,
आणि तो मला हवा आहे,
हे मात्र पहिल्यांदाच
तोंडाने म्हटलं मी, केबिनमध्ये, कुणी नसताना.

दंड दुखत होते.
मिरचीच्या गाडीपाशी डोळ्यांना पाणी येतंच,
त्यात काही नाही.
स्कार्फच्या टोकाने पुसले
आणि स्कार्फ सोडून खुर्चीला अडकवला.

साडेपाचला उजाडत होतं. दिगूला फोन लावला.
वाजत होता.
काट्यावर गाडी नव्हती,
तरी वाऱ्याने लाल आकडे हलत होते,
दहा किलो, शून्य,
दहा किलो,
"ताई? इतक्या सकाळी?
काय झालं बे?"